वाचनालयाचा जँगो प्रकल्प : पायाभरणीच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

वाचनालयाच्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर आणायला जँगोत (वेबसाइट बांधायची पायथन भाषेतली तयार चौकट) एक प्रणाली बांधायची आहे, पण आज लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढलाच नाही. सकाळी वाचनालय उघडल्यापासून दुपारी कुलूप लागेपर्यंत ग्रंथपाल ताईंच्या शेजारी बसून दाखल नोंदवह्या चाळल्या. एकूण सात वह्या. पहिलीचा पुठ्ठा सुटलाय, शाई तपकिरी पडलीय, पण दाखल क्रमांकांची ओळ कुठे तुटलेली नाही. दाखल तारीख, क्रमांक, ग्रंथाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, वर्गांक (विषयावरून दिलेला क्रमांक) आणि शेवटी शेरा. वहीचा सगळा जीव त्या शेऱ्याच्या रकान्यात आहे. ‘वाळवीने खाल्ले.’ ‘गहाळ, रक्कम वसूल.’ ‘नवी बांधणी केली.’ कुठेही खाडाखोड नाही. पुस्तक गेलं तरी त्याची ओळ पुसत नाहीत, तांबड्या शाईने एक रेघ मारतात आणि शेरा लिहितात. मला हवी ती अर्धी रचना या वह्यांनी आधीच करून ठेवलीय.

काही वर्षांपूर्वी इथे एक संगणक प्रणाली बसवली होती. नोंदी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नव्हत्या, कुठल्याशा जुन्या फाँटात होत्या. तो संगणक गेला, बसवून देणारे फोन उचलेनात, आणि उरलेली बॅकअपची फाइल उघडली की रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांचा नुसता काला दिसतो. ताईंनी दोन वर्षं संध्याकाळी थांबून भरलेलं काम होतं ते. आज त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, तेव्हापासून मी वहीवरच विश्वास ठेवते.”

वही तशीही जाणार नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, त्यावर अनुदान ठरतं, आणि तपासणीला कुणी आलं की आधी दाखल नोंदवही पुढे ठेवावी लागते. म्हणजे मी जे बांधणार ते वहीच्या जागी येणार नाही, वहीच्या शेजारी बसणार. दोन गोष्टी आजच ठरवल्या. वहीत जे जसं लिहिलंय ते तसंच आत जाईल. आणि आत गेलेलं सगळं, मी नसले तरी, वाचता येईल अशा मराठीत बाहेर काढता येईल.

१५ जून, रविवार

पायथन ३.१३, जँगो ५.२, आणि माहिती साठवायला पोस्टग्रेस १७ हा डेटाबेस. जँगोची ५.२ ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती आहे. याच एप्रिलमध्ये आली, सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८पर्यंत मिळतील. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, आणि इतक्या वेळा बदल करत बसायला वाचनालयाकडे माणूस नाही.

जँगोच का, हे कार्यवाह काकांना फोनवर सांगावं लागलं. मी त्यांना वर्तमानपत्राची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या दैनिकात २००३ साली ॲड्रियन होलोवॅटी आणि सायमन विलिसन या दोघांनी हे बांधायला घेतलं. बातमीदारांना आणि संपादकांना स्वतःच्या हाताने मजकूर भरता यावा, प्रत्येक वेळी प्रोग्रामरकडे धावायला लागू नये, ही त्यांची गरज. म्हणून यात ॲडमिनचा भाग, म्हणजे माहिती भरायची आणि बदलायची पानं, पहिल्यापासून तयार मिळतो. ताईंची गरज नेमकी तीच आहे. काका म्हणाले, “म्हणजे तू पुण्यात असलीस तरी इथलं काम अडायचं नाही, एवढंच ना?” एवढंच.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) केलं, जँगो बसवलं, स्टार्टप्रोजेक्ट ही नवा प्रकल्प उभा करायची आज्ञा चालवली. प्रकल्पाच्या नावाच्या जागी ‘कॉन्फिग’ दिलं आणि पुढे एक टिंब. टिंब द्यायचं राहिलं की फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर तयार होतो आणि पुढे महिनाभर आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी, टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ. सर्व्हर चालू केला, जँगोचं स्वागताचं रॉकेटचं पान आलं, टर्मिनलवर ‘अठरा मायग्रेशन्स लागू व्हायची आहेत’ अशी सूचना, म्हणजे डेटाबेसची रचना घडवणाऱ्या अठरा पायऱ्या बाकी. लगेच मायग्रेट चालवलं.

तिथे घाई झाली. उद्याच्या नोंदीत येईलच.

१७ जून, मंगळवार, रात्री

काल लिहायला वेळ झाला नाही. ‘खाती’ नावाचं ॲप केलं, त्यात आपलं स्वतःचं युजर मॉडेल (वापरणाऱ्यांच्या खात्यांची रचना) लिहिलं, सेटिंग्जमध्ये त्याचा पत्ता दिला आणि मायग्रेट म्हटलं. उत्तर आलं की मायग्रेशनचा इतिहास जुळत नाही, ॲडमिनचं पहिलं मायग्रेशन ज्याच्यावर अवलंबून आहे ते ‘खाती’चं मायग्रेशन लागायच्या आधीच लागून गेलंय. बरोबरच आहे. रविवारी जे अठरा लागले त्यात जँगोचं मूळ युजर टेबल होतं आणि ॲडमिन त्याला बांधला गेला होता.

डेटाबेसमध्ये काहीच नव्हतं म्हणून पाडून पुन्हा उभा केला, पाच मिनिटांत झालं. हेच सहा महिन्यांनी केलं असतं तर प्रत्येक सभासदाची, प्रत्येक देवघेवीची गाठ हाताने सोडवायला लागली असती. जँगोचे दस्तऐवजही हेच सांगतात, की नव्या प्रकल्पात गरज वाटत नसली तरी स्वतःचं युजर मॉडेल पहिल्या मायग्रेटच्या आधी लिहा. मी हे वाचलेलं होतं. तरी हात आधी चालला.

प्रकल्पाच्या वाचा-मला फाइलमध्ये आता पहिलीच ओळ अशी आहे : युजर मॉडेल आधी, मायग्रेट नंतर.

२१ जून, शनिवार

ताईंना पहिल्यांदा दाखवलं. खातं उघडायच्या पानावर त्यांना म्हटलं, तुमच्या मनाला येईल ते नाव घाला. त्यांनी मोबाइलवर सराव असल्यामुळे सहज टाइप केलं : ग्रंथपाल.

नाकारलं. ‘वैध नाव द्या, फक्त अक्षरं, अंक आणि अमुक चिन्हं चालतील’ अशा अर्थाची लाल ओळ. ताईंनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा अक्षर अक्षर लावून लिहिलं. पुन्हा तेच. “यात अक्षरांशिवाय काय आहे गं?” त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ‘कमल’ लिहून पाहिलं, चाललं. ‘कमला’ लिहिलं, नाकारलं. ‘घर’ चाललं, ‘घरी’ नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काना, वेलांटी, उकार, पाय मोडायचं चिन्ह, अनुस्वार, यातलं काहीही आलं की ते ‘अक्षर’ मोजलं जात नाहीये.

ताईंना तात्पुरतं रोमन लिपीतलं नाव देऊन काम पुढे नेता आलं असतं. दिलं नाही. त्यांनी तीस वर्षं ज्या अक्षरांत पुस्तकं लावली त्या अक्षरांत त्यांना दार उघडता आलं पाहिजे. ताईंना सांगितलं, पुढच्या शनिवारी हेच नाव चालेल.

२२ जून, रविवार

मुळापर्यंत गेले. दोष जँगोचा एकट्याचा नाही, खाली पायथनमध्ये आहे. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने ओळखायची रीत) ‘शब्दातलं अक्षर’ ओळखायची जी खूण आहे ती अक्षर, अंक किंवा अधोरेघ असेल तरच हो म्हणते. युनिकोडने आपल्या काना-मात्रांना आणि हलन्ताला ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात टाकलंय. पायथन त्या वर्गाला शब्दाचा भाग धरत नाही. ‘ग्रंथपाल’ आपण चार अक्षरं म्हणून वाचतो, यंत्राच्या लेखी ते आठ तुकडे आहेत : ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, प, काना, ल. त्यातले तीन त्याला परके.

आणि हीच खूण जँगोत आणखी दोन ठिकाणी वापरलीय. दोन्ही ठिकाणी ती नाकारत नाही, गुपचूप काढून टाकते. ते जास्त वाईट.

पहिलं ठिकाण स्लग, म्हणजे वेबपत्त्यात घालायचं सुटसुटीत नाव. युनिकोड चालू ठेवून ‘वाचनालय’ दिलं तर हातात ‘वचनलय’ येतं. ‘पुस्तक’ दिलं तर ‘पसतक’. दुसरं ठिकाण वर चढवलेल्या फाइलचं नाव. ‘मुखपृष्ठ’ नावाचा फोटो चढवला आणि डिस्कवर जाऊन पाहिलं : मखपषठ. हे पाहून खरंच वाईट वाटलं. कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण ज्याने ही खूण लिहिली त्याच्यासमोर काना असलेली लिपी नव्हती.

उपाय ठरवले आणि आजच लिहिले.

युजर मॉडेलमध्ये नावाची तपासणी बदलली. नुसता तपासणारा वर्ग बदलून भागत नाही, कारण जँगोच्या मूळ मॉडेलमध्ये तो फील्डच्या (रकान्याच्या) व्याख्येत आधीच अडकवलेला असतो. अख्खं फील्ड पुन्हा लिहावं लागलं. नव्या तपासणीत देवनागरीचा पूर्ण पट्टा घेतला, फक्त दंड आणि दुहेरी दंड वगळले. मंगळवारी युजर मॉडेल स्वतःचं केलं नसतं तर हे आज करताच आलं नसतं.

स्लगचा नादच सोडला. जँगोचा पत्त्यातला स्लग तसाही फक्त रोमन अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि अधोरेघ एवढंच ओळखतो. पत्त्यात दाखल क्रमांक घालते. तो एकमेव असतो, बदलत नाही, आणि वाचनालयात सगळे पुस्तकाला त्याच्यावरूनच ओळखतात. फोटोंची नावंही दाखल क्रमांकावरून.

२५ जून, बुधवार

वर्णक्रम. पोस्टग्रेस सुरुवातीपासूनच घेतला तो यासाठी.

चार शब्दांवर चाचणी केली. यंत्राने युनिकोडच्या क्रमांकाप्रमाणे लावलं तर असे येतात : अक्षर, अज्ञान, अळू, अहवाल. ताईंच्या जुन्या कार्डांच्या खणात ते असे असतील : अहवाल, अळू, अक्षर, अज्ञान. पहिला शब्द तिसरा होतो आणि शेवटचा पहिला. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर येतो, मग क्ष, मग ज्ञ. युनिकोडमध्ये ळ लच्या शेजारी बसलाय, आणि क्ष, ज्ञ ही स्वतंत्र अक्षरंच नाहीत, क आणि ज यांच्या पोटातली जोडाक्षरं आहेत.

काही कोशांत क्ष कच्या खाली घेतात हे मला माहीत आहे. पण इथे प्रश्न कोशाचा नाही. समोरच्या खणात वाचक जिथे हात घालतो तिथेच पडद्यावरही ते सापडलं पाहिजे. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “ळ, क्ष, ज्ञ शेवटी. मला शिकवलं तसंच मी लावलंय सगळं.” तोच नियम.

पोस्टग्रेस १६पासून आयसीयूच्या (निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम पुरवणारं सॉफ्टवेअर) वर्णक्रमाला आपला नियम जोडता येतो. नियम जेमतेम एका ओळीचा : हच्या नंतर ळ, ळच्या नंतर क्ष, क्षच्या नंतर ज्ञ. जँगोत वर्णक्रम तयार करायची सोय आहे पण तिला हा नियमाचा भाग देता येत नाही, म्हणून मायग्रेशनमध्ये सरळ एसक्यूएल (डेटाबेसची स्वतःची भाषा) लिहिलं, आणि परत फिरायचं एसक्यूएलही. मग ग्रंथनाम आणि लेखक या दोन्ही फील्डना तो वर्णक्रम लावला. तेच चार शब्द टाकले. अहवाल, अळू, अक्षर, अज्ञान.

चाचणीच्या फाइलमध्ये हे चार शब्द कायमचे ठेवले. उद्या कुणी सर्व्हर बदलला, पोस्टग्रेस बदललं, तरी आधी हे चार शब्द ओळीत उभे राहिले पाहिजेत.

२८ जून, शनिवार

सकाळी सर्वांत आधी ताईंना खातं उघडायला बसवलं. ग्रंथपाल. चाललं. त्यांनी काही म्हटलं नाही, परवलीचा शब्द घालताना फक्त मला तोंड फिरवायला लावलं.

मग मॉडेल. मी मनात ‘पुस्तक’ असं एक टेबल धरून आले होते. ताईंनी कपाटातून एकाच कादंबरीच्या तीन प्रती काढून टेबलावर ठेवल्या. तीन वेगळे दाखल क्रमांक, तीन वेगळ्या किमती, एकीचं मुखपृष्ठ गेलेलं, एक देणगीत आलेली. म्हणजे दाखल क्रमांक पुस्तकाचा नसतोच, प्रतीचा असतो. आता टेबलं दोन : ग्रंथ (नाव, लेखक, वर्गांक) आणि प्रत (दाखल क्रमांक, तारीख, किंमत, कुठून आली, स्थिती, शेरा). वाचक ग्रंथ मागतो, घरी नेतो ती प्रत. हे एक वाक्य ताईंनी तीन पुस्तकं हातात घेऊन जितकं स्वच्छ समजावलं तितकं मला आकृती काढून जमलं नसतं.

प्रत रद्द झाली तरी ओळ पुसायची नाही, ही वहीची रीत कोडमध्ये आणली. प्रतीला खोडायची परवानगी ॲडमिनमध्ये कुणालाच नाही, अगदी मलाही नाही. ग्रंथाला प्रती जोडलेल्या असतील तर तो खोडता येत नाही, जँगोची ‘प्रोटेक्ट’ ही अट घातली. रद्द, गहाळ, बांधणीला दिलेली, या स्थिती. आणि ॲडमिन प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला ते स्वतःहून लिहून ठेवतो, ती आपली तांबडी शाई.

वर्गांक हा आकडा नाही, मजकूर आहे. ड्यूईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. दशांश म्हणून साठवलं तर शेवटची शून्यं गळतात आणि मागे जोडलेली ग्रंथकाराची अक्षरं बसतच नाहीत. दाखल क्रमांकही मजकूरच. जुन्या दोन वह्यांत मधेच राहून गेलेल्या पुस्तकांना ‘१२४५ अ’ असे क्रमांक आहेत.

लेखकाला टोपणनावांचं वेगळं टेबल. हे मी घरून ठरवूनच आणलं होतं. एक वाचक कुसुमाग्रज मागतो, दुसरा वि. वा. शिरवाडकर मागतो, दोघांना एकाच कपाटाशी न्यायचं आहे. बालकवी मागितले तर त्र्यंबक बापूजी ठोमरे या नावाची नोंदही पुढे यावी.

संध्याकाळी ॲडमिनच्या पहिल्या पानावर ताईंनी बोट ठेवलं. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या शेपटीला इंग्रजी एस चिकटलेला. अनेकवचनाचं नाव आपण दिलं नाही तर जँगो एकवचनाला एस जोडून मोकळा होतो. प्रत्येक मॉडेलला अनेकवचन हाताने दिलं : ग्रंथ, प्रती, लेखक, टोपणनावं. ताई म्हणाल्या ‘टोपणनावे’ लिही, कागदोपत्री बोलीतलं अनुस्वाराचं नको. बदललं.

२ जुलै, बुधवार

थोडंच काम. तारखा. रात्री साडेबाराला ‘आज परत यायची पुस्तकं’ ही यादी तयार व्हावी असं ठरलंय. आत्ताच्या वेळेवरून सरळ तारीख काढली तर ती जागतिक वेळेची निघते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच. जँगोचं स्थानिक तारीख देणारं फंक्शन वापरायचं, बाकी कुठेही तारीख काढायची नाही. चाचणी लिहिली.

५ जुलै, शनिवार

शोध. आज दिवसभर फक्त शोध.

ताईंनी काल फोनवर सांगितलं होतं की ‘कुऱ्हाड’ शोधलं तर मिळत नाही, पण यादीत तर डोळ्यांनी दिसतंय. मी आज बाजूला बसून पाहिलं. त्यांनी नोंद वाचनालयाच्या संगणकावर जुन्या सवयीच्या कीबोर्डने भरली होती, आणि शोध मोबाइलवरून घेत होत्या. दोन्ही ठिकाणी पडद्यावर हुबेहूब तोच शब्द. आतले तुकडे मोजले तेव्हा उलगडलं. मोबाइलने ऱ हे अक्षर वापरून पुढे हलन्त दिला होता. संगणकाने साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण घातली होती. दोन्ही रीतींनी अर्धचंद्रासारखा तोच र उमटतो. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द.

मग अशी जुळी कुठे कुठे आहेत ते शोधत बसले. ऱ हे अक्षर काही कीबोर्ड र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांत देतात. हे जोडून एक करायचं काम युनिकोडचं प्रमाणीकरण करतं, ते सोपं. पण ॲ मध्ये फसगत आहे. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक अ लिहून वर अर्धचंद्र देत आले आणि आजही देतात. वाटेल की प्रमाणीकरण ही दोन रूपंही एक करेल. करत नाही, युनिकोड त्यांना समान मानतच नाही. ती अदलाबदल स्वतः लिहावी लागते. र-हलन्त-जोडखूण या त्रिकुटाचं ऱ-हलन्त करणंही स्वतःच. आणि ती दोन्ही झाल्यावरच उरलेल्या अदृश्य खुणा काढायच्या. क्रम उलटा केला की अदृश्य खूण आधी निघून जाते, ‘कुऱ्हाड’मधला तो र साध्या रफारात बदलतो आणि शब्दाचं रूपच मोडतं.

हे सगळं एका फंक्शनमध्ये बांधलं, नाव दिलं ‘शुद्धरूप’. त्याच्या भोवती स्वतःचं एक फील्ड केलं म्हणजे ग्रंथनाम असो, लेखक असो, शेरा असो, साठवताना सगळं त्यातूनच जाईल. चाचणी घेतली. पूर्ण नावाने शोधलं, मिळालं. नावाचा तुकडा देऊन शोधलं, पुन्हा नाही.

इथे दोन तास गेले. जँगोत तंतोतंत जुळणीचा शोध फील्डच्या तयारीच्या पायरीतून जातो, पण ‘यात हा तुकडा आहे का’ हा शोध ती पायरी वगळतो. म्हणजे साठवलेलं शुद्धरूपात आणि शोधायला दिलेलं जसंच्या तसं. कोडमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त मी तिथे बघत नव्हते. आता शोधाच्या खिडकीत आलेला मजकूर पहिल्यांदा शुद्धरूपातून जातो, मगच डेटाबेसकडे.

अंकांचंही तेच. वहीत देवनागरी अंक, ताईंच्या कीबोर्डवर इंग्रजी अंक. किमतीच्या रकान्यात अडचण नाही, पायथन देवनागरी अंकांतला आकडा न कुरकुरता वाचतो. अडतं ते ब्राउझरशी, आकड्यांची खास चौकट देवनागरी अंक आत घेत नाही, म्हणून ती साध्या मजकुराची केली. दाखल क्रमांक मात्र मजकूर आहे, तिथे दोन्ही अंक एका रूपात आणायला हवेत. साठवण एका रूपात, पडद्यावर देवनागरीत.

संध्याकाळी ताईंनी मोबाइलवर ‘कुऱ्हाड’ लिहिलं. आली. मग त्यांनी ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ॲसिड’ असं ओळीने पाहिलं, आणि प्रत्येक वेळी संगणकावरही तेच पुन्हा लिहून पाहिलं. चाचणी कशी घ्यायची हे त्यांना सांगावं लागलं नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. वाचनालय बंद, मीही काम बंद ठेवलं.

८ जुलै, मंगळवार, रात्री

जुन्या प्रणालीची ती काला झालेली फाइल पुन्हा उघडली. शंभरेक ओळी हाताने उलटवून पाहिल्या. त्या काळच्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते कारण ती डोळ्यांना आधी दिसते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार त्याच्या उलट. तक्ता बसवला, वेलांटी आणि रफार जागेवर नेले, आणि ओळींतून माणसांची नावं वर आली, पुस्तकांची नावं वर आली. काही जोडाक्षरं अजून चुकतात. ही माहिती सरळ आत घ्यायची नाही. ताई वहीवरून भरतील आणि ही फाइल शेजारी पडताळ्याला राहील. पण त्यांची ती दोन वर्षं वाया गेली नाहीत, हे त्यांना शनिवारी दाखवायचं.

१२ जुलै, शनिवार

सर्व्हरवर चढवलं. त्याआधी जँगोची तैनातीपूर्व तपासणी चालवली, ती जे जे दाखवते ते एकेक मिटवलं : डीबग (चुकांचा आतला तपशील दाखवणारी सोय) बंद, परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी, कुकी फक्त सुरक्षित जोडणीवर, साध्या जोडणीवरून आलेल्याला सुरक्षित जोडणीकडे वळवणं. गुपित किल्ली स्टार्टप्रोजेक्टने दिलेली होती, तिच्या सुरुवातीलाच ती असुरक्षित असल्याचं लिहिलेलं असतं. नवी केली आणि कोडच्या बाहेर ठेवली. पहिली किल्ली गिटच्या (कोडचा इतिहास जपणारं साधन) पहिल्याच नोंदीत गेलेली आहे, तिथून काढत बसले नाही, ती आता कुठलंच कुलूप उघडत नाही.

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची खूण दिली. ही दिली की ज्या फाँटात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. २००९च्या शासन निर्णयात वर्णमालेची जी वळणं ठरली त्यात हेच ल आणि श आहेत. काकांनी दोन्ही रूपं शेजारी शेजारी पाहिली आणि म्हणाले, “हा आपला श. शाळेत हाच गिरवला.”

रोज रात्री दोन बॅकअप. एक डेटाबेसचा, आणि एक साधी मजकुराची फाइल, सगळ्या प्रती दाखल क्रमांकाने, युनिकोड मराठीत, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. ती आपोआप वाचनालयाच्या संगणकावरही उतरते. ताईंनी ती नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. मग मी त्यांना मंगळवारच्या त्या शंभर ओळी दाखवल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि वहीतला क्रमांक काढून ताडून पाहिला. जुळला.

१३ जुलै, रविवार

जँगो पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुलं झालं ते २००५च्या जुलैत, त्याचे चाहते आजचा दिवस त्याचा वाढदिवस मानतात. वीस वर्षं झाली. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, आपल्या तिसऱ्या वहीपेक्षा लहान आहे.

पहिली वही आज सुरू झाली. ताई टंकत होत्या, मी वही धरून वाचून दाखवत होते. दाखल क्रमांक १. लेखकाच्या नावात एक ठिपका पुसट होता, तो अनुस्वार की शाईचा डाग यावर आम्ही दोघी खिडकीपाशी जाऊन वही उजेडात धरून पाहिली. डाग निघाला. शेऱ्याच्या रकान्यात ‘बांधणी केली’ आणि पुढे पेन्सिलने बारीक ‘पाने ११–१४ नाहीत’. हे दुसरं वाक्य कुणी कधी लिहिलं माहीत नाही. ताईंनी तेही टंकलं.

दुपारी बंद करायच्या वेळेपर्यंत बावीस प्रती झाल्या. तेविसावीचा वर्गांक वहीत नव्हता, म्हणून ताई पुस्तक शोधायला माडीवर गेल्या आहेत.